पेट्रोल, स्पिरिट आणि देवळावरची पुष्पवृष्टी

तंजावर,
पौष वद्य पंचमी, सन १९६५

सन्माननीय व्याही श्रीमान जयतीर्थराव यांचे सेवेशी, मुक्काम बेंगळूर,

हनुमंतरावाचा सविनय नमस्कार. येथे सर्व कुशल आहे, असे प्रारंभी लिहिण्याची रीत आहे म्हणून लिहिले. पुढील मजकूर वाचून झाल्यावर आपण ते वाक्य वगळावे. विहीणबाईंचा गुडघा आता कसा आहे? थंडीचे दिवस आहेत, त्यांनी जिना टाळावा. चि. सौ. अंबुजेस आशीर्वाद. "अप्पा, मोडीत लिहू नका, इथे कोणाला लागत नाही," असे तिने कळविल्यामुळे हे पत्र बालबोधीत लिहीत आहे. यात वेळ दुप्पट जातो, परंतु राग जराही कमी होत नाही, हे आपल्या लक्षात येईलच.

दसऱ्यास आपण विमानाकरिता जे इंजिन पाठविलेत, त्याविषयी मला निषेध नोंदवावयाचा आहे. विमान खालून चालविण्यास सोबत पाठविलेला रेडिओचा संच उत्तम आहे, त्याबद्दल मी ऋणी आहे. निषेध केवळ इंजिनाचा आहे.

पापनाशमजवळील आपल्या देवळाचा कुंभाभिषेक माघ शुद्ध दशमीस आहे, हे आपणांस ठाऊक आहे. कुठल्याशा मोठ्या देवळात कुंभाभिषेकाचे वेळी शिखराच्या कलशावर पाणी पडताक्षणी वरून विमानाने फुले टाकली, असे आमच्या कमिटीचे अध्यक्ष सीतारामराव यांनी वर्तमानपत्रात वाचले आणि सभेत सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मला सहन झाला नाही. मी उभा राहून सांगितले की, नऊ फूट पंखांचे, बिनतारी चालणारे विमान मी स्वतः बांधीन आणि आपल्या देवावरही फुले पडतील. (माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. परंतु भातगिरणीचे इंजिन मी बेचाळीस वर्षे चालविले आणि ते एकदाही माझ्या चुकीने बंद पडले नाही. कमिटीत बी.ए. झालेले तिघे आहेत. त्यांच्याकडून पंचांगातली तारीखही बिनचूक येत नाही.) दुसऱ्या आठवड्यात आमंत्रणपत्रिका छापून आल्या. त्यांत "विमानातून पुष्पवृष्टी" या शब्दांखाली माझे नाव आहे, आणि ते सीतारामरावांच्या नावापेक्षा किंचित मोठ्या टायपात पडले आहे. आता फुले पडली नाहीत तर मला त्या देवळात पाऊल ठेवता येणार नाही, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

आता इंजिने. माझे इंजिन पेट्रोलचे. शेतकरी पाठीवर बांधून भातावर औषध फवारतात, त्या यंत्राचे ते आहे. वजनदार आहे, थरथरते, हे मान्य. परंतु त्यात ठिणगी पडते, ठिणगीने पेट्रोल पेटते, आणि हे सर्व मनुष्यास दाखविता येते. आपले इंजिन मुठीत मावते आणि मिथिल स्पिरिटात एरंडेल मिसळून पिते. त्यास ठिणगीच नाही. प्लगमध्ये केसाएवढी तार आहे. ती सुरुवातीस बॅटरीने तापवावी, मग बॅटरी काढली तरी ती आपल्या आपणच तापत राहते, असे आपण लिहिता. एकदा तापल्यावर कारणाशिवाय तापत राहणारी माणसे मी पाहिली आहेत (आमच्या कमिटीत दोन आहेत) आणि त्यांच्यावर मी कधीही विसंबलो नाही.

तरीही आपला मान राखावा म्हणून मी स्पिरिट मिळविण्यास निघालो. आमच्या राज्यात दारूबंदी आहे, हे आपण बेंगळुरात बसून विसरलात. स्पिरिटाच्या बाटलीस परवाना लागतो. एका कचेरीत मला अर्ज दिला गेला, त्यात गरजेचे कारण लिहावयाचे होते. मी सुवाच्य अक्षरात "विमानासाठी" असे लिहिले. तेथील कारकून सभ्य गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "मामा, सगळे काहीतरी सांगतातच. काल एकजण घड्याळासाठी म्हणाला." बाकावर आमच्याच रस्त्यावरचे दोघे बसले होते. एरवी मला पाहून नजर चुकविणारे ते दोघे आज सरकून बसले आणि मला मध्ये जागा करून दिली. सत्तर वर्षे सुपारीदेखील न खाल्लेल्या मनुष्याची ही गत आपल्या इंजिनाने केली.

परवाना मिळाला, तोवर वार्ता कमिटीत पोहोचली होती. सीतारामरावांनी तत्काळ सभा भरविली. "देवाच्या डोक्यावर दारू पिऊन कोणी फुलं टाकायची नाहीत," ते म्हणाले, "मग ते यंत्र का असेना." मी विचारले, पेट्रोल चालेल काय? त्यावर आमचे पुरोहित वाध्यार यांनी डोळे मिटून निर्णय दिला की, पेट्रोल भूमीच्या पोटातून निघते, तेव्हा ते शुद्धच. (भूमीच्या पोटातून आणखी काय काय निघते ते मी त्यांस सांगितले नाही.) माझी थोरली बहीण गंगाबाई, वय ब्याऐंशी, कोपऱ्यात वाती वळीत बसली होती. ती म्हणाली, "त्यात एरंडेल आहे नव्हे? मग भिता कशाला? जे प्यालंय ते सकाळपर्यंत निघून जाईल." सभा तेथेच संपली, कारण पुढे कोणासच गंभीर राहता येईना. मात्र दोन्ही इंजिनांची परीक्षा घ्यावी, असे ठरले.

प्रथम आपले स्पिरिट. विमान देवळामागील कापणी झालेल्या शेतातून सुरेख उठले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करितो. परंतु इंजिनाच्या तोंडून एरंडेलाचा असा फवारा उडत होता की, पोटाखालच्या पेटीतील झेंडू आणि शेवंती भिजून त्यांचा एकच लाडू झाला. मी बटण दाबले. तो लाडू शिखरावर पडावयाचा, तो तळ्याच्या पायरीवर संध्या करीत असलेल्या वाध्यारांच्या खांद्यावर बसला. त्यांची नेसूची रेशीमकाठी वेष्टी अद्याप दोरीवर आहे आणि अद्याप तेलकट आहे. ते माझ्याशी बोलत नाहीत. पेट्रोलाच्या बाजूने मात्र पूर्वीपेक्षा अधिक बोलतात.

त्यानंतर माझे पेट्रोल. येथे फुले कोरडी राहिली, हे आपण कृपा करून लिहून ठेवावे. परंतु ठिणगीमुळे रेडिओस पीडा होते, असे जे आपण लिहिले होते, ते मी अनुभवले. विमान मनास येईल तसे वळू लागले आणि फुले देवळापासून दोन शेते दूर, चिदंबर कोनाराच्या म्हशीवर पडली. सर्व फुले, एकही वाया न जाता. दुसऱ्या दिवशी म्हशीने अर्धा शेर दूध अधिक दिले. तेव्हापासून चिदंबर तिला कुंकू लावतो, आणि तीन गावांचे गवळी आमच्या ओट्यावर बसून, आमच्याही जनावरांवर एकदा विमान फिरवा, अशी विनंती करीत आहेत. सीतारामराव तेथून जाताना थांबतात आणि विचारतात, "काय हनुमंतराव, आज कोणाचा कुंभाभिषेक?"

या सर्व अपमानास मूळ कारण आपले स्पिरिटाचे इंजिन आहे, असे माझे मत आहे. ते नसते तर मी प्रथमपासून पेट्रोलवरच लक्ष केंद्रित केले असते. सबब ते परत पाठवीत आहे. राग मानू नये. नात्यात अंतर पडू नये, हीच इच्छा.

आपला,
हनुमंतराव

ता. क. इंजिन अद्याप पाठविलेले नाही. ते विमानावर बसविलेले आहे. ते हलके आहे, हे मी कोठेही नाकारलेले नाही.

ता. क. २. हे पत्र सौभाग्यवतीस वाचून दाखविले. भागीरथी म्हणाली, "सगळं लिहिलंत, खरं तेवढं राहिलं. विमान नारळांच्या वर गेलं की तुम्हांला दिसतं का? खाली गोपूर आहे की म्हैस, ते म्हैस हंबरल्यावर कळलं तुम्हांला." तिचे म्हणणे असत्य नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, डाव्यात येत आहे. दोन्ही वेळेस मी आवाजावरून बटण दाबले. हे तिच्याशिवाय आणि आता आपल्याशिवाय कोणासही ठाऊक नाही.

तरी आपण नवमीपूर्वीच येथे यावे आणि दशमीस रेडिओचा तो संच आपल्या हाती घ्यावा. मी शेजारी उभा राहीन. व्याह्यांचा मान म्हणून मी आपणांस पुढे केले, असे लोकांस सांगता येईल. आपल्याकडील मंडळींना ते पटेल. इंजिन कोणते लावावे, हे आपणच ठरवावे. स्पिरिट लावलेत तर कमिटीस मी ते पेट्रोल आहे म्हणून सांगेन. माझ्या शब्दावर या गावात अद्याप कोणी संशय घेतलेला नाही.