हवा फक्त डाव्याच दाराला लागते?

धीरज,

आमटी गॅसवर आहे, भात लावून घे. गाडी मी नेली आहे. नीलेशच्या गॅरेजसमोर उभी करणार आहे, पोपडे सुटलेलं दार रस्त्याकडे करून. येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकांना दिसू दे.

मी चिडून लिहीत नाहीये.

चिडूनच लिहितेय.

काल तो म्हणाला, "वहिनी, आमचं काम चोख हाय. बोईसरची हवाच रंग खाते." आणि तू मित्राची बाजू घेऊन म्हणालास, "खरं आहे त्याचं." मग उजव्या दाराला हवा लागत नाही? नीलेशने ठोकून रंगवलं ते डावंच कसं सोललं?

आणि आपली रुचिता रात्ररात्र खोकते तेव्हा तूच म्हणतोस, "हवेला काय झालंय? उगाच इथल्या केमिकल कंपन्यांना नावं ठेवू नकोस."

दारासाठी हवा वाईट. पोरीसाठी चांगली.

आता एक काय ते ठरव. चांगली असेल तर ये, आणि माझ्यादेखत नीलेशला दार पुन्हा रंगवायला सांग. वाईट असेल तर रुचिताला घेऊन मी केळव्याला आईकडे राहते. शाळा तिकडेच बघेन.

तिची शाळा सुटेपर्यंत गॅरेजसमोर गाडीतच बसणार आहे. फोन करू नकोस, समोर येऊन बोल.

भावना