बाप्पापुढे चंद्राचं विवर

मल्हारगंज, इंदूर
ऋषिपंचमी

तीर्थस्वरूप शारदावन्सं यांना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. देवासची हवा मानवते ना? रघुवीररावांचा गुडघा कसा आहे? (व्हॉट्सअपवर तुम्ही वाचता आणि उत्तर देत नाही, म्हणून पत्र.) इकडे सगळे खुशाल. ह्यांच्या शिंका तेवढ्या थांबत नाहीत, पण त्याचं कारण अभिमानाचं आहे, टेंशन घेऊ नका. वन्सं, आपण जिंकलो! मोहल्ल्याच्या गणपती-आरास स्पर्धेची ढाल चार वर्षं समोरच्या देवयानीकडे ठाण मांडून होती. काल पहिल्या बक्षिसाचं पत्र आपल्या घरी आलं. ढाल आज येईल, कपाटावरची जागा पुसून ठेवलीय.

यंदा मी चंद्रावरचं विवर केलं. (देवयानीचं कापसाचं केदारनाथ होतं. बरं होतं.) मोठ्या परातीत मैदा पसरला, वर काळपट मातीसाठी पोह्यांवर घालतो ते जीरावन. (दुकानदार म्हणाला, भाभीजी, अर्धा किलो? बारात आ रही है क्या?) मग ह्यांना स्टुलावर चढवून खलबत्त्यातला बत्ता सोडायला लावला. उल्का म्हणजे तरी काय, वरून आलेला बत्ताच. वन्सं, गजब झालं! खालचा पांढरा मैदा जीरावनावर लांबलांब किरणांसारखा उधळला, गोल कडा उचलली गेली, अगदी पुस्तकातल्यासारखी. जीरावन ह्यांच्या नाकात गेलं आणि खाली उतरेपर्यंत सतरा शिंका झाल्या (मी मोजल्या). विवराच्या भिंतींना आतून पायऱ्या असतात, कडा ढासळून झालेल्या. त्या चमच्याने कोरल्या. मधला डोंगर मात्र काही उठेना. खऱ्या विवरात दणका एवढा बसतो की तळच उसळून वर येतो आणि तसाच थिजतो. मैद्यात कुठली एवढी हिंमत! शेवटी मध्ये एक उकडीचा मोदक बसवला. हुबेहूब डोंगर.

आता माझी अक्कल ऐका. सगळा विचार केला, फक्त गणेश चतुर्थीला चंद्र बघितला की चोरीचा आळ येतो, हे डोक्यातच आलं नाही. आणि मी तो खुद्द बाप्पापुढे मांडलेला! संध्याकाळी पहिल्या बायका आल्या, 'चंद्रावरचं विवर' ही पाटी वाचली आणि डोळ्यांवर पदर घेऊन थेट देवयानीकडे. परीक्षक नानासाहेब (वय ऐंशी, सोवळं कडक) उंबऱ्यातच पाठ फिरवून उभे. पंधरा दिवस राबले, आणि बघणारं कोणी नाही. खरं सांगते, स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग बाप्पानेच सुचवलं. चंद्र दिसलाच तर उपाय काय? स्यमंतक मण्याची कथा ऐकायची, आळ टळतो! पदर खोचून दारात उभी राहिले आणि ओरडले, आधी चंद्र बघा, मग कथा ऐका, मग गरम पोहे-जिलेबी. ह्यांनी पोथी उघडली. मतलब, गर्दी हटेचना! ज्याने चंद्र बघितला त्याला कथा संपेपर्यंत उठायची भीती, आणि बसलाय तोवर मी त्याला कडा, पायऱ्या, किरण सगळं समजावून सोडलं. साठ माणसं झाली. देवयानीकडे फक्त देवयानी, आणि शेवटी तीही आली. नानासाहेबांनी तर दोनदा कथा ऐकली आणि मधला डोंगर प्रसाद म्हणून खाऊन टाकला.

घरच्या सगळ्यांना आमचा नमस्कार, पलकला गोड पापा.

तुमची विजयी,
भानुमती

ता. क. ढाल घेऊन माणूस आत्ता गल्लीत आला आणि समोर वळला. म्हणून चष्मा लावून बक्षीसपत्र वाचलं. त्यावर 'उत्कृष्ट कथावाचन' असं लिहिलंय. कृपा करून हे देवासात कुणाला बोलू नका.

ता. क. २. शनिवारी शहराची अंतिम फेरी आहे, कथावाचनाचीच. काल सात वेळा वाचून ह्यांचा घसा पार बसलाय. वन्सं, तुमच्यासारखी पोथी आपल्या घरात कोणी वाचत नाही. अठ्ठावीस वर्षांत हे तुमच्या तोंडावर म्हणायला माझी जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते. शुक्रवारच्या बसने याच. फॉर्म भरून टाकलाय, नाव तुमचंच घातलंय. वय तेवढं आठवेना, ते जरा कमीच लिहिलंय.