साडेचारचं ऊन

आई, इथे जपानात सूर्य माझ्याआधी उठतो. हसू नकोस. चुलीपुढे चिमटा उगारून तूच बजावलं होतंस, "ऊन अंगणात आणि बाई अंथरुणात, हे माझ्या घरात चालायचं नाही." ते इतकं मुरलंय की हिगाशी-कसाईला लेकाकडे राहायला आले, त्या पहिल्या जूनमध्ये पडद्यातून लख्ख उजेड दिसला आणि मी धडपडत उठून आंघोळ केली, कुकर लावला. दुसऱ्या शिट्टीला लेक धावत आला. "आई, अगं साडेचार वाजलेत! बिल्डिंग उठेल!" मी म्हटलं, "उठू दे की. सूर्य काय खोटं बोलतोय?" गॅस बंद करून तो परत झोपला. मी बाल्कनीत गेले. काय सांगू तुला! नदी घासलेल्या परातीसारखी लखलखतेय, एवढं थोरलं शहर पडदे ओढून घोरतंय, आणि ते सगळं ऊन माझ्या एकटीच्या अंगावर. मला शब्द सुचेना. मला!

परवा अमेरिकेतून लेकीचा फोन आला. तिथे उन्हाळ्यात सरकार सगळ्यांची घड्याळं तासभर पुढे ढकलतं, हिवाळ्यात मागे आणतं. आता तिचं राज्य ते बंद करायचं म्हणतंय आणि लोकांना मत विचारतंय. मला आधी थट्टाच वाटली. सूर्य किती वाजता उगवला म्हणायचं, हे माणसांना विचारतात! चौथीनंतर माझं दप्तर माळ्यावर टाकलं, तेव्हा तुला कुणी विचारलं होतं का गं?

लेक म्हणाली, "घड्याळ हलवलं की धाकटा आठवडाभर रडत उठतो. पण बंद केलं तर संध्याकाळचा उजेड तासभर आधीच जातो. कामावरून येऊन त्याला बागेत न्यायला तेवढाच तर मिळतो मला. तुमच्याकडे घड्याळ हलत नाही, कसं असतं?" मी खरं तेच सांगितलं. जूनमध्येही इथे सातला अंधारतं, सून स्टेशनवर उतरेपर्यंत नात बागेतून परतलेली असते. तरी म्हटलं, "बंद करा. पोराला झोपू दे. बागेत पहाटे ने."

"पहाटे बागेत कोण जातं, आई?"

"मी जाते."

ती हसली आणि म्हणाली, "बरं, तसंच कळवते."

आता तिची संध्याकाळ गेली तर माझ्या शब्दाने जाईल. आणि खरं कारण मी सांगितलंच नाही. तिचं घड्याळ मागे गेलं की तिचा रोजचा फोन इथे तासाने उशिरा येतो. का, ते मला पाठ आहे. तरी दरवर्षी त्या तासात मी तिला अपघातात घालते, इस्पितळात नेते, आणि फोन वाजला की खेकसते, "एवढ्या लवकर कशाला केलास?" हे तिला कळायला नको. तुझा पत्ता कुणाकडेच नाही, म्हणून तुला लिहिलं.