बाबलीच्या पत्रासाठी मी केलेली प्रार्थना

१० मार्च १९५७, रविवार
चर्चमध्ये मिसाला पाद्री सालदान म्हणाले, सत्कृत्यांशिवाय विश्वास म्हणजे मढं. बाकावरच ठरवलं: ईस्टरपर्यंत रोज एक सत्कृत्य. सुरुवात शेजारच्या आनंदीबाईंपासून. मुलगा बाबली जहाजावर खलाशी, आठ महिने पत्र नाही. म्हातारीला दिसत नाही. त्याच्या मुंबईच्या कंपनीला मी इंग्रजीत पत्र लिहिणार. मालवणात माझ्यासारखं इंग्रजी कोणाचं? सांगितल्यावर आनंदीबाई रडल्या. मलाही भरून आलं. अर्धं काम झालंच.

११ मार्च
'डिअर सर' की 'रिस्पेक्टेड सर'? विचारात शाळेची वेळ झाली.

१३ मार्च
'रिस्पेक्टेड' पक्कं. नीब तुटलं.

१६ मार्च
साक्षात्कार! पत्र लिहिणं म्हणजे देवावर अविश्वास. जो वादळ शांत करतो त्याला माझा अर्ज कशाला? पत्र रद्द. नऊ दिवसांची प्रार्थना सुरू. गुडघ्यांखाली उशी घेतली. विश्वास काही गुडघ्यांत नसतो. बायको रुजाय म्हणाली, "प्रार्थना करा बरी. पण पत्र लिवूक हात लागतत." चौथी शिकलेली बाई, तिला थिऑलॉजी काय कळणार?

१७ मार्च, रविवार
पाद्रींना गाठून मत ऐकवलं. म्हणाले, "आमेन म्हटल्यावर हात सुटतात ना मास्तर? तेव्हा लिहा." निरुत्तर झालेला माणूस असाच विषय बदलतो.

२० मार्च
प्रार्थनेत झोप लागली. देवाच्या कुशीतच लागली, म्हणजे खंड नाही. आनंदीबाईंनी कुंपणापलीकडून विचारलं, "मास्तरानू, पत्र गेलां मां?" मी वर बोट दाखवलं. मग आठवलं, त्यांना दिसत नाही. "पोचलां," म्हटलं. वर पोचलंच आहे.

२५ मार्च
काल नववा दिवस झाला. पोस्टमन सत्यवान नुसता हात हलवून गेला. देव माझी कसोटी पाहतोय. मीही पाहू देतोय.

२ एप्रिल
परीक्षेचे पेपर. आनंदीबाईंनी अन्न टाकलंय म्हणे. रुजाय पेज घेऊन जाते, घोट घोट पाजते. मी प्रार्थनेत त्यांच्या भुकेचाही समावेश केला.

१३ एप्रिल, शनिवार, सकाळ
आलं! पत्र आलं! एडनचा शिक्का! विश्वास जिंकला! आनंदीबाईंनी वाचायला मलाच बोलावलंय. उद्या पाद्रींना नम्रपणे सांगणार. नम्र चेहरा आरशात दोनदा करून पाहिला.

दुपार
अंगणात सगळे जमले. मी खणखणीत वाचलं. बाबलीचा उजवा हात मशीनमध्ये सापडला. महिनोन्‌महिने हॉस्पिटलात, लिहिता येईना, आईला कळवायची हिंमत होईना. आता बरा आहे. मेमध्ये घरी येतो. पुढची ओळ: 'रुजायवयनीचं पत्र कंपनीने इकडे धाडलं, ते वाचून राहवलं नाही.' ती ओळ गिळली आणि थेट 'तुझा बाबली'वर उतरलो.

आनंदीबाई म्हणाल्या, "रुजायचां नाव खंय गेलां, मास्तरानू? सत्यवानान माका सकाळीच सगळां वाचून दाखवल्यान. परत वाचा."

वाचलं.

म्हणाल्या, "मोठ्यान."