कोठीतलं केळं

कुमुद,

सकाळी सहा. तुझ्या वर्गाच्या प्रयोगासाठी गव्हाच्या कोठीत ठेवलेलं केळं नानांनी खाल्लं. त्याच फणीतलं, खुंटीला टांगलेलं शाबूत आहे.

विचारलं तर म्हणाले, "पिकेल व्हतं, म्हनीसन खादं." म्हणजे कोठीतलं आधी पिकलं, पण पुरावा नानांच्या पोटात गेला. दुसरीची पोरं आज दोन्ही केळी शेजारी ठेवून बघणार होती. दोन्ही एकदमच पिकतील म्हणणारी रत्ना नुसत्या सांगण्यावर ऐकायची नाही. ती सवय तूच लावलीस.

बाजारातलं पिकलेलं केळं कोठीत ठेवून द्यायचा नानांचा बेत होता. मी नको म्हटलं. साल ताटलीखाली झाकली आहे, ती ने. नानांनाही ने, पोरांनी त्यांनाच काय ते विचारावं. टोपी घालून तयार बसलेत. त्यांच्या साखरेचं मी बोललोय, तू वर्गात काढू नकोस.

तुझी चोपड्याची गाडी येईल तोवर मी धुळ्याच्या वाटेवर असेन. माहेरची खबर संध्याकाळी सांग.

निघताना पुन्हा बघितलं. खुंटीवरचं केळं हिरवंच आहे, पण मधोमध जरा पिवळं दिसतंय.