ताईंची मासिकं

२ मार्च
नवी नोकरी आणि राहायला खोलीही! दातांचे डॉक्टर भले गृहस्थ दिसतात. माझी ट्रंक त्यांनी स्वतः जिन्यावरून वर नेली. खाली दवाखाना, वर घर. मला काम एकच: त्यांच्या थोरल्या बहिणीनं, ताईंनी, जन्मभर जमवलेली मासिकं मार्गी लावायची. ताई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. विकायची, कुणाला द्यायची की जपून ठेवायची, मी विचारलं. ते हसून म्हणाले, तुम्ही काय ते ठरवा, मला फक्त ती डोळ्यांसमोर नकोत.

४ मार्च
खोलीत पाय ठेवायला जागा नाही. विणकाम, बागकाम, प्रवास. सगळे अंक सुतळीनं बांधून छतापर्यंत रचलेले. पायांनी दगा दिल्यावर ताई इथेच पडून जग फिरल्या. एका धबधब्याच्या चित्राखाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'इथे एकदा जायचंच.' वाचून गलबलून आलं. चांगले अंक वाचनालयाला, फाटके रद्दीला, असं ठरवलं.

७ मार्च
धबधब्याचं पान पुन्हा काढलं. धबधबा नाही. नुसता काळा कडा. ताईंचं अक्षर मात्र जागच्या जागी. सरबताच्या जाहिरातीतली बाई रिकामा पेला उंचावून हसतेय. होड्या कोरड्या वाळूत. शाई उडाली असेल, अशी मनाची समजूत घातली.
डॉक्टर हल्ली पाणी फार पितात. रोग्याला तोंड उघडं ठेवून बसवतात आणि स्वतः पाण्याचा जग तोंडाला लावतात.

९ मार्च
रद्दीवाल्यानं गठ्ठे परत आणून टाकले. म्हणाला, बाई, हे आल्यापासून दुकानातलं पाणी आटतंय, तुमचं तुम्हाला लखलाभ.
शेजारच्या शिंपीणबाईंनी हे ऐकलं आणि मला आत ओढून सगळं सांगितलं. ताई अंथरुणाला खिळलेल्या असताना डॉक्टर बाहेरून कडी लावून मित्रांबरोबर सहलीला गेले. पाणी ठेवायचं राहिलं की ठेवलं नाही, देव जाणे. ताई भिंत ठोकत राहिल्या. शिंपीणबाई मशीन जोरात चालवत राहिल्या. दुसऱ्याच्या घरात नाक कशाला खुपसा! सांगताना त्यांचे ओठ तडकून रक्त आलं. म्हणाल्या, तेव्हापासून हे असंच आहे, कितीही पाणी प्या.

११ मार्च
डॉक्टरांना तोंडावर विचारलं. म्हणाले, म्हातारी माणसं उन्हाळ्यात जायचीच, आणि सुटली बिचारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.
तेवढ्यात त्यांना ठसका लागला. तोंडातून कागदाचा तुकडा पडला. निळा, छापील. मग आणखी एक. धबधब्याचा होता तो. मी ओळखला.

१२ मार्च, सकाळ
डॉक्टर काड्यापेटी घेऊन ताईंच्या खोलीत गेले. सगळं जाळतो म्हणाले.
कडी मी लावली. हो, मीच.
एकही काडी पेटली नाही. खरखर ऐकू येत होती.

दुपार
ठोकतायत. आधी शिव्या. आता नुसतं पाणी, पाणी.
ताईही असंच म्हणाल्या असतील. कळू दे जरा. मी खाली दवाखान्यात बसून आहे. आलेल्या रोग्यांना परत पाठवलं —

१३ मार्च
ठोकणं थांबलं.
कडी काढली. सोडवायला नाही. बघायला.
खोलीत गारवा. उघड्या अंकांत धबधबे, नद्या, भरलेले पेले — सगळं परत आलेलं. डॉक्टर मधोमध. तोंड कागदांनी गच्च भरलेलं. बोट लावलं तर त्वचा कुरकुरली. जुन्या पानासारखी —
आणि ताई उशाशी. पायांवर उभ्या.
मी हात जोडले. म्हटलं, तुमच्यासाठीच केलं सगळं.
ताईंनी शांतपणे विचारलं, हा ठोकत होता तेव्हा तू कुठे होतीस गं पोरी?
म्हटलं, खालीच.
ऐकू येत होतं?

खाली पळत आले. नळ उघडला. नुसती हवा. पलीकडे शिंपीणबाईंचं मशीन धडधडत होतं, ते आत्ताच मध्येच —
जिन्यावर पावलं. सावकाश. जीभ टाळ्याला चिकटलीय. हाक मारावी तर घशातून काहीतरी वर येतंय, खरखरीत, निळ —