बाबांची डामेची डिस्क

७ मार्च

बाबांनी ट्वुमासीकाकांना आज परत पाठवलं. तिसऱ्यांदा! काका डामेचा, म्हणजे दोघांच्या लाडक्या सोंगट्यांच्या खेळाचा, पट काखेत मारून आले होते. म्हणाले, "आंब्याखाली चल की, सगळे जमलेत. तू नाहीस तर खेळताना शिव्या कोणाला घालू?" बाबा भिंतीकडे तोंड करून बसले.

काका गेल्यावर एवढंच म्हणाले, "उजवा हात गेला. आता डाव्याने सोंगट्या सरकवू त्यांच्यापुढे? त्यापेक्षा एकेकाच्या थोबाडीत मारतो!"

खरंय. डाव्या हाताने आपण कोणाला साधं पाणी देत नाही, तो अपमानच. पण अर्धांगाचा झटका येऊन पाच महिने झाले. डावा हातही मांडीवर नुसता पडलेला. घास मी भरवते. डॉक्टरीणबाई बजावून गेल्यात — हलवला नाही तर तोही जाईल.

९ मार्च

कपाटात बाबांची डामेच्या खेळाची जुनी डिस्क सापडली! कामावरून आले की कॉम्प्युटरशी डामे खेळायचे, वर त्याला टोमणे मारायचे. कॉम्प्युटरला कुठलं डावं-उजवं कळतंय!

पण माझ्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही.

१२ मार्च

मी शिकवते त्या शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवरून डिस्कमधल्या सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या. घरी लावलं, तर लॅपटॉप म्हणतो — डिस्क घाला. कुठे घालू मेल्या, तुझ्या टाळक्यात?

बाबा बघत होते. "राहू दे, सेर्वा." राहू दे म्हणे! रडूच आलं मला.

१४ मार्च

दुरुस्तीवाल्या इद्रिसूदादांकडे गेले. ते हसायलाच लागले. "बाई, तुम्ही सामान नेलंत, घर तिथेच ठेवलंत!" म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल करायची. मग लॅपटॉप त्या फाइलीलाच डिस्क समजतो.

बाहेरून जोडायचा ड्राइव्ह लावला. एक्क्याण्णव टक्क्यांवर अडकलं. ओरखडा! माझा जीव टांगणीला. दादांनी डिस्क धुतली, मऊ फडक्याने पुसली, पुन्हा घातली. शंभर! हुश्श.

१५ मार्च

माउस बाबांच्या डाव्या बाजूला ठेवला आणि मुद्दाम स्वयंपाकघरात निघून गेले. केळी सोलली, काप केले, तेलात सोडले. आणि मग —

"अरे गाढवा, ही चाल तुझ्या आजीने शिकवली का रे?"

झारा तसाच हातात धरून मी दाराआड ऐकत राहिले. किती हलकं वाटलं, देवा! दोन काप करपले.

२२ मार्च

आठवडाभर घरात नुसता दंगा. कोणी नसताना बाबा पेलाही डाव्या हाताने उचलतात. मी आले की ठेवून देतात. मी पाहिलंच नाही असं दाखवते.

आज ट्वुमासीकाका खिडकीशी उभे होते. बाबांचा डावा हात माउसवर चालताना पाहिला, आणि आल्यापावली निघून गेले. दुखावले असतील का?

२३ मार्च

काका पट घेऊन थेट आत आले. समोर बसले, आपला उजवा हात पाठीमागे धरला आणि डाव्याने पहिली सोंगटी सरकवली. "खेळ, म्हाताऱ्या! आता बघू कोण कोणाचा अपमान करतंय!"

लॅपटॉप दिवसभर मिटलेलाच आहे.